टाळेबंदी, भरलेले डबे आणि माझा आजार: घरात सगळे असताना तुम्ही कसं सांभाळताय?

पाऊलवाट | १० मे २०२०, रात्री ११:४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. आज लिहितेय कारण घरात बोलायला जागा नाही.

मला बुलिमिया आहे. ज्यांनी हे नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी: थोड्या वेळात भरमसाट खाणं होतं, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही, आणि मग घाबरून ते शरीराबाहेर टाकायची किंवा पुढचा दिवस उपाशी काढून फेडायची धडपड सुरू होते. कॉलेजात असल्यापासून आहे. पुण्यात उपचार चालू आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक दोघंही. आणि मी बरी होत होते, अगदी खरंच.

ते बरं होणं कशाकशावर टेकलेलं होतं ते आता कळतंय. ऑफिसात एक वाजला की मैत्रीण डेस्कपाशी येऊन उभी राहायची, "चल, डबा." चारला चहा आणि सोबत काहीतरी. संध्याकाळी हिंजवडीचं ट्रॅफिक, घरी पोचेपर्यंत जेवणाची वेळ. गुरुवारी सेशन. बाकी काही नाही, पण दिवसाला खुंट्या होत्या.

जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी साताऱ्याला घरी आले ती इथेच अडकले. आई, बाबा, आजी, दादा, वहिनी, छोटा भाचा. कुणालाही माहीत नाही. किराणा भरून ठेवलाय. मे महिना, म्हणून कुरडयांचा चीक, पापडाच्या लाट्या, रोज आमरस. स्वयंपाकघर मिटतच नाही. दिवसभर जो माणूस "अजून घे, लाजतेस काय" म्हणतो, तोच रात्री "लॉकडाऊनमध्ये सगळेच सुटलेत" म्हणतो. बाथरूम एकच, त्याचं दार माजघरात. सेशन आता व्हिडिओवर असतं. मी गच्चीत टाकीमागे बसून कुजबुजते, आणि वाळवण उलटायला कुणी वर आलं की "हो सर, फाईल पाठवते" म्हणून फोन ठेवते.

विचारायचंय ते हे. ज्यांना असा त्रास आहे, कुठल्याही प्रकारचा, ते या दिवसांत कसं निभावताय? आणि घरच्यांना सांगावं का? सांगितलं तर उठल्यापासून झोपेपर्यंत सगळ्यांचे डोळे माझ्या ताटात, आणि उठून जायला दुसरी जागा नाही. त्या भीतीनेच गप्प आहे.

एक विनंती. वजन, कॅलरी, किती खाल्लं, किती दिवस खाल्लं नाही, असे आकडे कृपया लिहू नका. हा आजार असलेला माणूस ते वाचून स्वतःशी तुलना सुरू करतो.


चिंचगूळ | ११ मे २०२०, सकाळी ७:१५

वाचलं. तू एकटी नाहीस एवढंच आत्ता लिहिते, सविस्तर रात्री.


रानवारा | ११ मे २०२०, सकाळी ९:०२

राग येईल, पण लिहितो. परवाच करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्यांच्या पोळ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. माणसं पोटासाठी शेकडो किलोमीटर पायी चाललीत आणि आपण भरल्या घरात जेवण जात नाही यावर धागा काढतोय. मला हे पचत नाही. मन दुसरीकडे गुंतवा, घरकामात मदत करा, आपोआप सुटेल.


पाऊलवाट | ११ मे २०२०, सकाळी ९:५०

@रानवारा, राग नाही आला. तो फोटो मीही पाहिला. त्या रात्री ताटावर बसले आणि पोळीला हात लावता येईना, आपण खायच्या लायकीचे नाही असं वाटून. दुसऱ्या रात्री सगळे झोपल्यावर त्याच विचाराच्या ओझ्याखाली नेमकं उलट, भरमसाट खाणं झालं. तुम्ही लिहिलंय ते वाक्य माझं डोकं मला रोज ऐकवतं. त्याने त्या माणसांचं काही भलं होत नाही, माझा आजार तेवढा वाढतो.


डॉ_शेवंता | ११ मे २०२०, दुपारी ३:३०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे कुणाला तपासू शकत नाही, पण काही गोष्टी स्पष्ट करायला हव्यात.

रानवारा, "मन गुंतवा, सुटेल" हे या आजाराला लागू पडत नाही. मानसिक आजारांमध्ये जिवावर बेतण्याचं प्रमाण ज्यांत सर्वांत जास्त, त्यांत अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने उपाशी राहण्याचा आजार, येतो. उपासमारीने हृदय मंदावतं. वारंवार उलट्या झाल्या की रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचा ठोका बिघडू शकतो. हे बाहेरून दिसेलच असं नाही. बुलिमियाच्या बहुतेक रुग्णांचं वजन चारचौघांसारखंच असतं, म्हणून "चांगली तर दिसतेस" या एका वाक्यावर वर्षानुवर्षं निदान लांबतं.

आणि भरल्या घराचं म्हणाल, तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी, धडधाकट तरुणांनी स्वतःहून अर्धपोटी राहायचं कबूल केलं. साधारण सहा महिने. उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शिकण्यासाठी तो प्रयोग होता. ते तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती जमवू लागले, एकेक जेवण खूप वेळ लांबवू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. अन्न मिळायला लागल्यावर काहींना पोट भरल्याचं कळेनासं झालं. यातल्या कुणालाही आधी हा आजार नव्हता. उपासमार मेंदूचं काय करते ते यातून दिसतं, म्हणूनच "फक्त मनावर घे" म्हणून चालत नाही.

पाऊलवाट, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल, तरी लिहिते. दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका, आदल्या रात्री काहीही झालेलं असलं तरी. सकाळचा नाश्ता बुडवून रात्रीची भरपाई केली की पुढच्या रात्रीची तयारी झालीच म्हणून समजा. जेवल्यावरचा तास एकटीने काढू नका. चक्कर, छातीत धडधड, स्नायूंत गोळे, उलटीत रक्त यातलं काहीही दिसलं तर कोरोनाच्या भीतीने घरी थांबू नका. ईसीजी आणि रक्तातले क्षार ही तपासणी साताऱ्यात होते.

आणखी एक, सर्वांसाठी: २५ मार्चला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. व्हिडिओवर सल्ला घेणं आणि त्यावर औषधाची चिठ्ठी मिळणं आता रीतसर आहे. जिल्ह्याबाहेर जायचा पास नाही म्हणून उपचार सोडू नका.


खमंग_काकडी | ११ मे २०२०, सायंकाळी ५:४४

विषय गंभीर आहे, पण एक बोलते. फेसबुक उघडलं की डालगोना कॉफी, कुकरमधला केक, घरची पाणीपुरी, आज माझी जिलबी बघा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यीस्ट कुठे मिळतं यावरून दोन बिल्डिंगींत भांडण झालंय! ज्याला जेवणाचा त्रास आहे त्याने या दिवसांत फोन तरी कसा उघडायचा?


तांबडा_पांढरा | ११ मे २०२०, सायंकाळी ६:१०

यीस्ट नसेल तर दही आणि खायचा सोडा घालून नान होतो. केकला कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरायचं...


चिंचगूळ | ११ मे २०२०, सायंकाळी ६:२२

तांबडा_पांढरा, दादा, पाककृती विभाग शेजारीच आहे, तिथे लिहा ना. मी स्वतः येऊन वाचेन. इथे नको.


तांबडा_पांढरा | ११ मे २०२०, सायंकाळी ६:२५

हो हो, बरोबर. तिकडे टाकतो.


एकटा_जीव | १२ मे २०२०, मध्यरात्री १:२०

पुरुषांनाही होतं हे लिहायला आलोय. मी मूळचा अकोल्याचा, पुण्यात सदाशिव पेठेत खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. २२ मार्चनंतर पोरं गावी गेली, मेस बंद झाली, मी राहिलो कारण पाच एप्रिलच्या पूर्वपरीक्षेची आशा होती. ती पुढे ढकलली. आता पूर्ण वाडा रिकामा आहे.

दिवसा काही बनवायचा कंटाळा, बिस्किटावर निघतो. रात्री दहानंतर सुरू झालं की जे असेल ते. कच्चे शेंगदाणे, ब्रेड, साखर, कोरडी मॅगी. पोट दुखेस्तोवर. चव पण लागत नाही. मी ते बाहेर काढत नाही, म्हणून मला वाटायचं की हा आजार नाही, मी हावरट आहे. व्यायामशाळा होती तेव्हा तिथे जाऊन घाम गाळायचो, आता ती पण बंद.

याला काही नाव आहे का डॉक्टर? आणि घरी सांगू काय? बाबा म्हणतील दोन वेळचं मिळते ना, मग काय पाहिजे.


डॉ_शेवंता | १२ मे २०२०, सकाळी ८:४५

आहे. बिंज ईटिंग डिसऑर्डर. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदवलेला आहे, आणि खाण्याच्या विकारांपैकी पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्यांत तोच येतो. त्यावर चांगले उपचार आहेत. हावरटपणाशी संबंध नाही. तुमचा दिवस बिस्किटावर जातो आणि रात्री फुटतो, हा धागा पकडा. दुपारी बारा-एकला काहीतरी शिजवलेलं पोटात जायलाच हवं, खिचडी का असेना. मला व्यक्तिगत निरोप करा, पुण्यात व्हिडिओवर बघणाऱ्यांची नावं देते.


तांबडा_पांढरा | १२ मे २०२०, सकाळी ९:३०

एकटा_जीव, मी नारायण पेठेतच आहे. आमच्याकडे दुपारी डाळ-भात-भाजी होतेच, एक डबा जास्तीचा काही जड नाही. साडेबाराला खाली येऊन हाक मारतो. तू खिडकीतून दोरी सोड, पिशवी बांधतो. पत्ता निरोपात पाठव.


चिंचगूळ | १२ मे २०२०, सकाळी ९:३६

दादा, कालचं सगळं माफ. :)


ओवी_ची_आई | १४ मे २०२०, दुपारी २:०५

दोन दिवस धागा वाचतेय. डोंबिवलीत राहतो. मुलगी आता दहावीत जाईल.

शाळा बंद झाली तशी तिने यूट्यूबवर व्यायाम सुरू केले. आम्हाला बरंच वाटलं, घरात बसून पोरं लोळतात, ही हलतेय तरी. मग साखर बंद. मग तेल. मग भात. ऑनलाइन तासाला कॅमेरा चालू ठेवावा लागतो. बाईंकडे पाहायचं सोडून ती त्या छोट्या चौकोनात स्वतःचा चेहराच बघत असते.

जेवायला बसतो तेव्हाचं सांगते. पोळी घेते. तिचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे करते, ताटाच्या कडेने मांडते. तूप लावलेलं असलं तर पेपर नॅपकिनने टिपते, नॅपकिन घडी करून पुन्हा टिपते. वरणातली डाळ खाली बसेपर्यंत थांबते आणि वरचं पाणी घेते. मी बघतेय हे तिला कळतं, मला कळतं की तिला कळलंय, आणि दोघी टीव्हीवरच्या रामायणाकडे बघतो. आमचं सगळ्यांचं उरकून भांडी घासून होतात तरी तिची पोळी संपत नाही. पाळी थांबली आहे. दंडावर, पाठीवर बारीक लव आली आहे. उन्हाळ्यात स्वेटर मागते.

बालरोगतज्ज्ञांना फोनवर विचारलं, ते म्हणाले या वयात मुली करतात असं, टॉनिक द्या. मला ते पटलं नाही. आज हा धागा वाचून जास्तच पटत नाहीये. [वजनाचा आकडा काढला आहे – संपादक]


संपादक मंडळ | १४ मे २०२०, दुपारी २:३०

धागाकर्तीच्या विनंतीनुसार या धाग्यावरचे वजन-कॅलरीचे आकडे काढले जातील. ओवी_ची_आई, गैरसमज नसावा.


डॉ_शेवंता | १४ मे २०२०, दुपारी २:४०

ताई, टॉनिकवर थांबू नका. लव, थंडी वाजणं, पाळी थांबणं ही शरीर उपाशी असल्याची लक्षणं आहेत. आजच नाडी मोजा, बसलेली असताना आणि उभी राहिल्यावर, आणि मला निरोपात कळवा. बाल-मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिशियन दोघंही लागतील.

तोवर एक महत्त्वाचं: घाबरून तिला एकदम खूप भरवू नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात अन्न एकदम गेलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं, ते धोक्याचं असतं. म्हणून वाढवत न्यायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

या वयात सर्वांत उपयोगी ठरलेली पद्धत लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात तयार झाली. तिचं सार असं, की काही काळ जेवणाचा निर्णय आईवडिलांनी हातात घ्यायचा. काय आणि किती वाढायचं ते तुम्ही ठरवायचं, शेजारी बसायचं, भांडण करायचं ते आजाराशी, मुलीशी नाही. एरवी नोकरी करणाऱ्या आईवडिलांना दिवसातून पाच-सहा वेळा ताटाशेजारी बसणं जमत नाही. आत्ता तुम्ही दोघं घरी आहात, तेवढा या दिवसांचा उपयोग करून घ्या.


रानवारा | १४ मे २०२०, सायंकाळी ७:१८

ओवीच्या आईचं वाचलं. माझ्या भाचीचं वागणं डोळ्यासमोर आलं. बहिणीला फोन करतोय.


आनंदयात्री_लेस्टर | २९ जुलै २०२०, रात्री ८:००

धागा वर काढतेय. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला आहे. आमच्याकडे देश उघडला तरी ३० जूनपासून आमचं एकट्याचं शहर पुन्हा बंद केलं.

मला अ‍ॅनोरेक्सिया होता, बरीच वर्षं स्थिर होते. मार्चमध्ये दुकानांची फळ्या-फडताळं रिकामी झाली, आणि मला भीती न वाटता खाता येणारे जे मोजके पदार्थ होते, ठरावीक ब्रँडचं दही, ठरावीक ब्रेड, तेच मिळेनात. लोक म्हणायचे दुसरं घे. दुसरं घेता आलं असतं तर आजार कशाला म्हटलं असतं? त्यात सरकारने दिवसातून एकदाच व्यायामाला बाहेर पडायची मुभा दिली. साधारण माणसाला ती सवलत वाटली, मला तो हुकूम वाटला. पाऊस असो, ताप असो, ते एकदा चुकवायचं नाही.

परवा, २७ तारखेला, इथे सरकारने लठ्ठपणाविरुद्ध मोहीम जाहीर केली. हॉटेलच्या मेनूवर प्रत्येक पदार्थासमोर कॅलरी छापायचं ठरतंय. कोरोनात जास्त वजनाचा धोका आहे हे खरं, त्यांचं म्हणणं मला कळतं. पण माझ्यासारखीला हॉटेलात बसून मित्रांबरोबर जेवता येणं ही उपचारातली मोठी पायरी असते, आणि तिथेच आकडे टांगणार. खाण्याच्या विकारांवर काम करणारी इथली बीट नावाची संस्था याविरुद्ध बोलतेय. त्यांचे ऑनलाइन गट चालतात, मी रोज बसते. कॅमेरा बंद ठेवायची मुभा असते, एवढ्यानेही किती सोपं होतं.

पाऊलवाट, कशी आहेस?


पाऊलवाट | ३० जुलै २०२०, रात्री १२:१०

आहे. मधले दिवस वाईट गेले. आता श्रावण लागलाय आणि घरात वेगळंच सुरू आहे. आषाढी झाली, मग श्रावणी सोमवार, शनिवार. यंदा अधिक महिना, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा. मी सगळे उपास धरले. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "एवढी शिकलेली पण किती करते, गुणाची पोर." माझ्या आत काय चाललंय ते मला माहीत आहे. देवाच्या नावाने उपाशी राहिलं की कुणी विचारत नाही, उलट पाया पडतात.


गोदाकाठ | ३० जुलै २०२०, सकाळी १०:३०

कृपया आता व्रतवैकल्यांवर घसरू नका. उपासाने कुणी आजारी पडत नाही. शास्त्राने केलेला लंघनाचा विचार आहे तो.


माईआजी | ३० जुलै २०२०, सकाळी ११:४५

गोदाकाठ, मी सत्तरी ओलांडलेली आहे. उभा जन्म एकादशी केली, वारीला चालत गेले. यंदा माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, ते टीव्हीवर बघून रडले. आणि त्याच माउलींची शपथ घेऊन सांगते, आजारी माणसाला, गर्भारणीला, लेकराला उपास नाही, असं आमच्या सासूबाई सांगायच्या आणि त्या माझ्यापेक्षा कडक होत्या. मधुमेह झाल्यावर मी एकादशी सोडली, विठ्ठल काही रुसला नाही. नामस्मरण करते.

पाऊलवाट बाळा, तुझ्या आजीला आजार माहीत नाही म्हणून ती कौतुक करते. माहीत झालं तर पहिला वरण-भात तीच कालवेल. तिला सांगायचं की नाही ते तू ठरव. पण उपास तू सोड. माझ्या सांगण्यावरून सोड, पाप लागलंच तर मला लागू दे.


खमंग_काकडी | ३० जुलै २०२०, दुपारी १२:०१

माई _/\_


डॉ_शेवंता | ३० जुलै २०२०, दुपारी १:२०

माईंशी पूर्ण सहमत. गोदाकाठ, निरोगी माणसाच्या उपासाबद्दल इथे कुणी काही म्हणत नाहीये. "एकादशी दुप्पट खाशी" हे आपण हसत म्हणतो. बुलिमियाच्या रुग्णाच्या बाबतीत नेमकं तेच चक्र जीवघेणं होतं: दिवसभर निरंकार, रात्री ताबा सुटणं, अपराधी वाटणं, पुन्हा उपास. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांना मी श्रावण लागायच्या आधीच विचारते, यंदा काय धरणार आहात.


गोदाकाठ | ३० जुलै २०२०, दुपारी ४:५०

आजारी व्यक्तीस सूट आहे हे मान्य. माझा आक्षेप सरसकट बोलण्याला होता.


एकटा_जीव | २ ऑगस्ट २०२०, रात्री ९:१५

मी जूनमध्ये पास काढून अकोल्याला आलो. पुण्यात होतो तोवर तांबडा_पांढरा दादांचा डबा एक दिवस चुकला नाही. दुपारी जेवलो की रात्रीचा जोर निम्म्याने कमी होतो हे मला त्या डब्यानं कळलं. बाबांना सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. पण आता रात्री झोपायच्या आधी स्वयंपाकघरात खाट टाकून तिथेच झोपतात, म्हणतात इथे वारा चांगला येते. मागितलं नव्हतं मी असं काही. पण चाललंय.


पाऊलवाट | १९ मे २०२१, रात्री १०:३०

वर्षभराने येतेय. एप्रिलमध्ये बाबांना कोरोना झाला. ऑक्सिजनचा बेड शोधण्यात दादाने साताऱ्यापासून कराडपर्यंत सगळे फोन फिरवले. बाबा परत आले. माझी चव आणि वास गेला. जेवण म्हणजे ओला पुठ्ठा झाला आणि माझ्या आजाराला आयतं निमित्त मिळालं, चवच नाही तर कशाला खायचं.

यावेळी मात्र घरात एकाला माहीत होतं. गेल्या वर्षी मी विचारलं होतं ना, घरी सांगावं का, त्याचं माझं उत्तर आता आहे. सगळ्या घराला नाही सांगितलं. वहिनीला सांगितलं, गणपतीच्या आदल्या रात्री, मोदकाची पिठी मळताना. आईला सांगितलं असतं तर तिने स्वतःला दोष दिला असता आणि मला तिलाच सांभाळावं लागलं असतं. वहिनी बाहेरून आलेली, तिला या घराच्या जेवणाकडे जरा लांबून बघता येतं. तिने विचारलं एकच, "मी काय करायचं ते सांग." माझ्या समुपदेशकांनी तिच्याशी बोलून तीन गोष्टी ठरवून दिल्या. माझ्या ताटाबद्दल बोलायचं नाही, बरं नाही की वाईट नाही. दुपारच्या खाण्याची वेळ तिने धरून ठेवायची. आणि रात्री जेवणानंतर तासभर माझ्याबरोबर बसायचं.

त्या तासाला आम्ही रमी खेळतो. भाचा मध्येच येऊन जोकर पळवतो. कधीकधी मला आतून इतकी ओढ लागते की हातातली पानं दिसत नाहीत. ती बघते, काही न बोलता पुन्हा पिसते आणि वाटते. तेवढ्यात वेळ निघून जाते.

चव गेली तेव्हा तिने घड्याळ लावून खायला लावलं. भूक लागली की खा असं माझ्याबाबत चालतच नाही. अजून वाईट दिवस येतात. पण गुरुवारचं सेशन आता मी वहिनीच्या खोलीत बसून करते, दार लावून, मोठ्याने बोलते.


ओवी_ची_आई | २० मे २०२१, सकाळी ८:२०

वाचून बरं वाटलं गं. आमचं सरळ झालं नाही. दिवाळीपर्यंत सुधारली, जानेवारीत पुन्हा घसरली, नाडी फार मंद झाली म्हणून फेब्रुवारीत दवाखान्यात ठेवावं लागलं. रोज रक्त तपासत हळूहळू अन्न वाढवलं. कोरोनाच्या दिवसांत एकच नातेवाईक आत. मी राहिले, बाबा खाली गाडीत बसून व्हिडिओवर तिच्याबरोबर डबा खायचे.

दहावीची परीक्षा रद्द झाली. ती रडली, मी मनातून सुटले. सध्या आम्ही वाढतो तेवढं खाते, खूप भांडते, पण खाते. परवा डाळ ढवळून घेतली.

विम्याबद्दल विचाराल तर: आधी दावा नाकारला होता, मानसिक आजार आहे म्हणून. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराचाही विमा द्यायचा असं स्पष्ट आहे. कलम २१ चा उल्लेख करून लेखी तक्रार दिली, तेव्हा पुढे हलला. कुणाला अर्जाचा मसुदा हवा असेल तर देते.


रानवारा | २० मे २०२१, सकाळी ९:१०

ताई, मसुदा मला पाठवा. भाचीसाठी हवा आहे. तिच्यावर गेल्या वर्षापासून उपचार चालू आहेत.


नवी_पालवी | ६ नोव्हेंबर २०२२, रात्री ११:५५

हा धागा गुगलवर सापडला, फक्त प्रतिसाद द्यायला सदस्य झाले. लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आहे. बारावीला होते तेव्हा लॉकडाऊन लागलं, तेव्हापासून माझं पाऊलवाट ताईंसारखंच आहे. आता सगळं उघडलं, कॉलेज सुरू झालं, सगळे म्हणतात कोरोना संपला. माझं संपलं नाही. गावात मानसोपचारवाले नाहीत. एका डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, खात जा नीट. पुढं काय करू कळत नाही.


चिंचगूळ | ७ नोव्हेंबर २०२२, सकाळी ७:०५

पालवी, लिहिलंस ते फार चांगलं केलंस. गेल्याच महिन्यात, १० ऑक्टोबरला, केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन सुरू झालीय. १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. गरज पडली तर ते पुढे डॉक्टरांशी जोडून देतात.


पाऊलवाट | ७ नोव्हेंबर २०२२, सकाळी ९:४०

पालवी, घरात कोण आहे जिच्याशी तू भांडलीस तरी दुसऱ्या दिवशी बोलणं चालू असतं? आई असेल असं नाही. मावशी, आत्या, मोठी बहीण, कुणीही. तिला हा धागा वाचायला दे, तू स्वतः काही बोलू नकोस. वाचून झाल्यावर ती तुझ्याकडे येईल. आली नाही तर मला निरोप कर, मी तिच्याशी फोनवर बोलते. आमची वहिनीपण बोलेल, ती म्हणाली आत्ताच.


डॉ_शेवंता | ७ नोव्हेंबर २०२२, दुपारी २:१५

पालवी, मानसोपचारतज्ज्ञ मिळेपर्यंतही एक काम तालुक्याच्या गावी होतं. ग्रामीण रुग्णालयात किंवा कुठल्याही फिजिशियनकडे जा आणि नावानिशी सांगा: ईसीजी, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट. "उलट्या होतात, चक्कर येते" एवढं सांगितलं तरी ते तपासतील, आजाराचं नाव तिथे घ्यावं लागत नाही. तिथे फॉस्फेट-मॅग्नेशियम होत नसेल तर निदान पोटॅशियम आणि ईसीजी कराच. वजन करायला लावलं तर काट्याकडे पाठ करून उभं राहते म्हणा, आकडा मला सांगू नका असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. आणि उलटीनंतर लगेच दात घासू नका, नुसत्या पाण्याने चूळ भरा, आम्लाने मऊ पडलेलं दाताचं कवच ब्रशने झिजतं.

या आठवड्यात जाऊन या. रिपोर्ट मला निरोपात पाठवा, इथे फक्त "करून आले" एवढं लिहा.


नवी_पालवी | १० नोव्हेंबर २०२२, सायंकाळी ६:३०

करून आले. आत्या सोबत होती.